मीटर फास्ट नाही हो!

एप्रिलचं बिल हातात पडलं की सोलापुरात घरोघरी एकच ओरड: मीटर फास्ट झालंय! अहो, ४२ अंशांत तीन पंखे अठरा-अठरा तास गरगरतात, त्याचं काय? जुना पंखा ७५ वॅटचा; १८ तासांत १.३५ युनिट. तिघांचे महिन्याला १२१, कूलर वेगळाच. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा तीच हवा ३० वॅटमध्ये देतो, पण त्याला चार पैसे जास्त मोजायचे म्हटलं की जिवावर येतं.

मग बचत कुठे? मोबाईलचा चार्जर उपसण्यात! रिकामा चार्जर महिनाभर लटकला तरी पाव युनिट जळत नाही. आणि तो खोक्याएवढा जुना रेग्युलेटर? पंखा हळू केला की वाचलेली बरीचशी वीज खोक्यातच तापते. वरून हे ज्ञान, की शंभर युनिट ओलांडले की सगळ्यांनाच वरचा दर लागतो. साफ खोटं. वरचा दर फक्त शंभरच्या पुढच्या युनिटांना.

एवढाच संशय असेल तर मेन चालू ठेवून घरातलं सगळं बंद करा, फ्रीज-इन्व्हर्टरच्या पिनाही काढा. मीटरचा लाल दिवा तरी लुकलुकतोय? मग गळती आहे, नाहीतर कुणीतरी वायर जोडलीय. लुकलुकत नसेल तर १००० वॅटची थंड इस्त्री फुल्ल करून लावा. मीटरवर ३२०० इम्पल्स (म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो) लिहिलं असेल तर मिनिटाला ५३ च्या आसपास लुकलुकेल, व्होल्टेज पडलेलं असेल तर त्याहून कमी. ७० भरले तर खुशाल मीटर तपासणीचा अर्ज टाका.