चाहते नेहमीच चुकतात म्हणे!

सुपरहिरोपटात एखादं नाव जाहीर होतं, चाहते बोंब ठोकतात आणि मग ठरलेला युक्तिवाद फिरायला लागतो: ‘बॅटमनसाठी मायकल कीटन नको म्हणून 50 हजार पत्रं आली होती. त्याचा खलनायक जोकर याच्यासाठी हीथ लेजर नको म्हणून गळे काढले होते. दोन्ही वेळा चाहते तोंडघशी पडले. तेव्हा गप्प बसा आणि चित्रपट येऊ द्या.’ ऐकायला झकास आहे, पण एकेक मुद्दा तपासला की हवा निघते.

‘1988चे चाहते मूर्ख होते.’ का बरं? तोवर पडद्यावरचा बॅटमन म्हणजे 1966च्या मालिकेतला अ‍ॅडम वेस्ट. ठोसा बसला की पडद्यावर रंगीत अक्षरांत ‘पॉव!’ उमटायचं. त्या थट्टेतून हे पात्र बाहेर काढायला कॉमिकवाल्यांना वर्षं लागली, 1986मध्ये कॉमिककार फ्रँक मिलरने त्याला पुन्हा करडा आणि भीतिदायक केला, आणि दोनच वर्षांत वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने आपल्या ‘बॅटमन’ (1989) चित्रपटासाठी नाव जाहीर केलं ते ‘मिस्टर मॉम’ आणि ‘बीटलज्यूस’वाल्या विनोदी नटाचं. पुन्हा तोच पोरखेळ होणार, असं वाटण्यात काय चुकलं? मायकल उस्लान हा गंभीर बॅटमन काढायचा म्हणून 1979मध्ये हक्क घेऊन बसलेला निर्माता. कीटनचं नाव ऐकून त्यालाही आधी ही थट्टाच वाटली होती, हे त्याने स्वतः सांगितलंय. दिग्दर्शक टिम बर्टनने त्याला समजावलं की रात्री वटवाघळाचा वेष चढवून फिरणारा माणूस लोकांना खरा वाटायला हवा; तो वेडसरपणा कीटनच्या डोळ्यांत आहे. चाहत्यांना हे समजवायला कुणी गेलं नव्हतं. त्यांच्या हाती फक्त नाव होतं.

‘त्यांच्या ओरडण्याने काही बदललं नाही.’ हे तर सरळ खोटं. वाद ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या पहिल्या पानावर गेला, तेव्हा स्टुडिओची धावाधाव झाली. 1988च्या नाताळात घाईघाईने जोडलेला दीडेक मिनिटाचा ट्रेलर थिएटरांत सोडला. त्यात विनोदाचा मागमूस नव्हता. लोक दुसऱ्याच चित्रपटाचं तिकीट काढून ट्रेलर बघायचे आणि उठून जायचे. म्हणजे चाहत्यांनी प्रश्न विचारला आणि त्यांना उत्तर मिळालं. यात तोंडघशी कोण पडलं?

शरीरयष्टीचा आक्षेपही हवेतला नव्हता. कीटन काही पिळदार गडी नव्हे, म्हणून पोशाखकार बॉब रिंगवुडने काळ्या रबराच्या पोशाखातच छाती-पोटाचे स्नायू ओतून घेतले. त्या रबरात मान वळेना. कीटन बाजूला बघताना खांद्यांसकट अख्खा वळतो, ते नीट बघा. बॅटमनचा रुबाब म्हणून गाजलेली ती लकब मुळात पोशाखाची अडचण आहे. (‘द डार्क नाइट’मध्ये मान वळवता येईल असा पोशाख मागण्याचा प्रसंग आहे, तो उगाच नाही.)

‘लेजरचं काय?’ मान्य, ‘द डार्क नाइट’मधल्या त्याच्या जोकरबाबत चाहते सपशेल आपटले. त्यातल्या कित्येकांचा आक्षेप तर त्याने आधी समलिंगी प्रियकर रंगवला एवढाच होता. त्याची वकिली मी करणार नाही.

‘दर वेळी असंच होतं.’ इथे खरी गोम आहे. दर वेळी नाही, आपल्याला आठवतं तेव्हा. 2014मध्ये सुपरमॅनचा खलनायक लेक्स लूथर याच्यासाठी जेसी आयझेनबर्गचं नाव आलं, तेव्हाही अनेकांनी नाकं मुरडली होती. 2016मध्ये ‘बॅटमन व्हर्सेस सुपरमॅन’ आला आणि त्याच भूमिकेसाठी त्याला वाईट अभिनयाचा ‘रॅझी’ मिळाला. ही गोष्ट त्या युक्तिवादात कधी येते? आली तर गणित जुळणार नाही.

शिवाय सगळे आक्षेप एकाच पोत्यात कोंबले जातात. ‘थॉर’मध्ये नॉर्स पुराणातला देव हाइमडॉल कृष्णवर्णीय इद्रिस एल्बा कसा, म्हणून एका वर्णद्वेषी संघटनेने बहिष्काराची हाक दिली होती. त्याला कास्टिंगवरचा आक्षेप म्हणायचंच कशाला? बॅटमनचा विदूषक होईल म्हणून घाबरलेला वाचक आणि कातडीचा रंग मोजणारा माणूस यांना ‘चाहते’ या एकाच नावाने हाकारलं की दुसऱ्याला फुकटची इभ्रत मिळते आणि पहिल्याला फुकटच्या शिव्या.

राहिली तिकीटखिडकी. ‘बॅटमन’ने जगभरात 40 कोटी डॉलरांहून जास्त कमावले, म्हणून कीटन बरोबर? मग 2015चा ‘फँटॅस्टिक फोर’ घ्या. कॉमिकमध्ये गोरा असलेला नायक ह्यूमन टॉर्च कृष्णवर्णीय मायकल बी. जॉर्डनला दिला म्हणून वर्णद्वेष्ट्यांनी थयथयाट केला, आणि चित्रपट सडकून आपटला. त्यांचं खरं ठरलं का? छे. दिग्दर्शक आणि स्टुडिओच्या भांडणात त्या चित्रपटाची वाट लागली होती. प्रदर्शनाच्या तोंडावर दिग्दर्शकानेच ट्वीट करून हात झटकले होते.

आणि 2023च्या ‘द फ्लॅश’मध्ये तोच कीटन बॅटमन म्हणून परत आला. या वेळी चाहत्यांनी त्याच्या नावाला टाळ्या वाजवल्या. चित्रपट साफ बुडाला.