‘बी फोडा, कूळ ओळखा’? एवढं सोपं नाही

दावा असा फिरतोय: बी फोडा, दोन डाळिंब्या निघाल्या तर द्विदल, नाहीतर एकदल. सपुष्प वनस्पतींचे भाग हे दोनच. आणि बिया सारख्या वागल्या की कूळही एकच.

पहिली गोची ‘फोडा’मध्येच आहे. एरंडाचं बी रात्रभर भिजवा, टरफल काढा आणि चपट्या बाजूला समांतर उघडा. दोन जाड पांढरे भाग सुटतात. बहुतेक जण त्यांनाच डाळिंब्या म्हणतात. तो असतो पुष्क, म्हणजे भ्रूणाची शिदोरी. खरी बीजपत्रं (म्हणजे खऱ्या डाळिंब्या, भ्रूणाची पहिली पानं) त्याच्या आतल्या अंगाला चिकटलेली, कागदासारखी पातळ, शिरा दिसणारी. हरभऱ्यात मात्र साठा बीजपत्रांतच असतो. (एरंडाचं बी विषारी, ती सुरी स्वयंपाकात नको.) अमरवेलीच्या भ्रूणाला तर बीजपत्रं नसतातच, तरी ती रताळ्याच्या कुळातली, ‘द्विदल’च.

‘दोनच भाग’ ही मांडणी एपीजी या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या गटाच्या वर्गीकरणाने १९९८ मध्ये मोडली. एकदल गट टिकला, द्विदल नाही. मिरी, सीताफळ, जायफळ यांना बीजपत्रं दोनच, पण ती वाटाणा-मोहरीच्या मोठ्या शाखेबाहेर, मॅग्नोलियाच्या गोतात बसतात. दोन बीजपत्रं ही पूर्वापार ठेवण. तेवढ्यावरून जवळचं नातं ठरत नाही.

सारखं वागणं? सब्जा आणि अळीव दोन्ही भिजले की बुळबुळतात. एक तुळशीच्या कुळातला, दुसरा मोहरीच्या. विषय संपला.

मग बी निरुपयोगी का? मुळीच नाही; आतली मांडणी बघा. राजगिऱ्याचा कच्चा दाणा (लाह्या नकोत) चार तास भिजवून दहापट भिंगाखाली सुईने उकला. कडेने कड्यासारखा वळलेला भ्रूण, मधे पिठूळ गाभा. हा गाभा पुष्क नव्हे, परिपुष्क: बीजांडाच्या (फुलातल्या ज्या भागाचं बी होतं त्याच्या) ऊतीतूनच बनलेला साठा. दहा थेंब पाण्यात टिंक्चर आयोडिनचा एक थेंब घालून त्यावर टाका. गाभा निळा-काळा होतो. चिकट स्टार्चचा वाण असेल तर तांबूस-तपकिरी. ही आयोडिनचीच छटा समजून प्रयोग फसला म्हणू नका. दाणा न उकलता टाकलंत, तर मात्र सालीमुळे काहीच कळणार नाही.

पालक, चाकवत, घोळ यांच्या बियांतही हीच रचना, आणि ही सगळी खरोखर एकाच गणातली (गण म्हणजे जवळच्या कुळांचा गट). पण नुसत्या परिपुष्कावर विसंबू नका: तो मिरीतही भरपूर असतो. तिथे भ्रूण टोकाला इवलासा, कडं नाही.