नॅचेझमध्ये माणसं किती?

आज सकाळी इथल्या मराठी ग्रुपवर एकाने अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावच्या पांढऱ्या खांबांच्या हवेलीचे फोटो टाकले. प्री-वेडिंग शूट तिथे करायचं घाटतंय म्हणे. "किती रॉयल!", खाली बदामांचा पाऊस. मग दुसऱ्या एका महाभागाचं ज्ञान: "फोटोपुरतं ठीक, बाकी मेलेलं गाव. चौदा हजार वस्ती." डोकंच फिरलं. तिथे लिहिलं की 'शुभकार्यात कशाला अपशकुन' सुरू होतं, म्हणून इथे लिहितोय.

बॅटन रूजहून हायवे 61ने वर गेलं की दीडेक तासात मिसिसिपी नदीच्या काठच्या उंच कड्यावर हे गाव लागतं. बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो होतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, खानेसुमारीच्या ड्युट्या करून केस पांढरे झालेले. अशाच एका हवेलीत टूर चालू होती. माहिती देणाऱ्या बाई झुंबर, चांदीचे काटे-चमचे, लांबलचक जेवणाचं टेबल दाखवत होत्या. बाबांनी मला कोपराने ढोसलं, "विचार, या घरात माणसं किती होती?" नवरा-बायको आणि पाच मुलं, बाई म्हणाल्या. "मग एवढी भांडी कोण घासायचं?" हेही मी विचारलं. बाई गोड हसल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

आकडेच हवेत ना? घ्या. 1860च्या जनगणनेत ॲडम्स काउंटीत, म्हणजे नॅचेझ आणि भोवतालच्या मळ्यांत मिळून, 20,165 माणसं. त्यातली 14,292 गुलाम. दहातली सात! त्यांच्या याद्या वेगळ्या कागदांवर: वर मालकाचं नाव, खाली नुसतं वय, लिंग, रंग. त्यांची स्वतःची नावं नाहीतच. परतताना गाडीत बाबांना हे सांगितलं. बराच वेळ ते गप्प बसले, मग म्हणाले, "नावाशिवाय फॉर्म दिला असता तर आमच्या तहसीलदाराने तोंडावर फेकला असता."

आणि गावाचं नाव तरी कुणाचं? 1716 मध्ये फ्रेंचांनी किल्ला बांधला तो नॅचेझ या तिथल्या मूळ जमातीच्या मुलखात. 1729 मध्ये नॅचेझ लोक बंड करून उठले, तर फ्रेंचांनी त्यांना चिरडलं आणि हाती लागलेल्यांना कॅरिबियनमध्ये गुलाम म्हणून विकलं. नाव तेवढं ठेवून घेतलं. पुढे कापसाचा पैसा आला तसा माणसांचा बाजारही आला. 1833 मध्ये पटकीच्या भीतीने गावाने त्या व्यापाऱ्यांना हद्दीबाहेर काढलं, तर त्यांनी हद्दीला लागूनच तिठ्यावर बस्तान बसवलं. फोर्क्स ऑफ द रोड. 1863 मध्ये, यादवी युद्धात, उत्तरेचं सैन्य येईपर्यंत तिथे माणसं विकली जात होती. आज तिथे काँक्रीटमध्ये रुतवलेल्या बेड्या आहेत आणि शेजारून गाड्या भरधाव जातात. आमच्या ग्रुपवर याचा एक फोटो दाखवा!

बरं, मान्य. 1932 पासून गावातल्या बायकांनी ही घरं दाखवायला काढली नसती तर त्यातली कितीतरी पडली असती. काही घरांत आता गुलामांच्या मागच्या खोल्यांबद्दलही नीट सांगतात.

पण 'मेलेलं गाव' म्हणू नका. 1960 मध्ये 23,791 लोक होते, 2020 मध्ये 14,520. टायरचा कारखाना गेला, 2003 मध्ये कागदाची गिरणी बंद पडली, पोरं पोटामागे बाहेर पडली. त्याच टायरच्या कारखान्यात 1967 मध्ये व्हार्लेस्ट जॅक्सन या काळ्या कामगाराला बढती मिळाली, तोवर फक्त गोऱ्यांना मिळणाऱ्या जागेवर. कामावरून घरी जाताना त्याच्या गाडीत बॉम्ब फुटला आणि तो गेला. आजतागायत कुणाला शिक्षा नाही. एवढं सोसूनही आज गावात निम्म्याहून जास्त वस्ती काळ्या लोकांचीच आहे. तिथल्या एका छोट्या खानावळीत बाबांना मसाला लावलेला तळलेला मासा इतका आवडला की मालकिणीने स्वतः येऊन आणखी एक तुकडा वाढला, पैसे घेतले नाहीत. बाबांनी तिला नाव विचारलं आणि दोनदा म्हणून बघितलं.

आता कमेंटमध्ये "आपल्याकडे काय कमी होतं" म्हणून धावत येणाऱ्यांनो, ठाऊक आहे. बाबा नव्याने गणतीला लागले तेव्हा गावच्या पाटलांनी वाड्यावर चहा पाजून सांगितलं होतं, "गुरुजी, गावकुसाबाहेर कशाला पायपीट, आकडा आम्ही सांगतो की." बाबांनी चहा संपवला आणि आधी तिकडेच गेले.