‘नुसते खेळतातच की!’ : एका आजोबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय आजोबांस,

सप्रेम नमस्कार. आपण प्रतिक्रियेखाली ‘एका नातीचे आजोबा’ एवढीच सही केली आहे, म्हणून मीही आपल्याला त्याच नात्याने संबोधते आहे. माझ्या बालवाडीतल्या एका दिवसाचे वर्णन वाचून आपल्याला आनंद होण्याऐवजी राग आला, आणि तो आपण मोकळेपणाने लिहिलात, हे मला आवडले. ज्यांनी आपली प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश सांगते. आपली साडेचार वर्षांची नात सहा महिने ज्या बालवाडीत जाते, तिथेही मी लिहिले तसेच वाल सोलणे, रव्यात बोटे फिरवणे आणि चिमणी-कावळ्याची तीच ती गोष्ट आठवडाभर ऐकणे चालते. तिला अजून ‘अ’ काढता येत नाही. शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा मात्र शंभरपर्यंत अंक आणि एबीसीडी लिहितो. खेळातून शिक्षण हे परदेशातून आणलेले खूळ आहे, फी घेऊन मुलांना नुसते खेळवले जाते, शिस्तीचा पत्ता नाही, आणि उद्या पहिलीत नात मागे पडली तर जबाबदार कोण, असे आपण विचारले आहे.

मी ‘अ’पासूनच सुरुवात करते, कारण आपल्या रागाचे मूळ तिथे आहे आणि माझ्या उत्तराचेही. वर्णमालेत ‘अ’ पहिला आहे, म्हणून तो लिहायलाही सर्वांत सोपा असणार असे आपण मोठी माणसे गृहीत धरतो. प्रत्यक्षात तीनच्या अंकासारखी एकाखाली एक दोन वळणे, त्यांच्या मधून निघून उजवीकडच्या दंडाला नेमकी भिडणारी रेघ, तो उभा दंड आणि डोक्यावरची शिरोरेषा एवढे सगळे त्या एका अक्षरात आहे. वर्णमालेचा क्रम उच्चारांच्या शास्त्रावर बेतलेला आहे, हाताच्या सोयीवर नव्हे. म्हणून तर आपल्याकडे ग, म, भ, न अशी दंडाची, आकाराने एकमेकांच्या जवळची अक्षरे आधी गिरवून घेण्याची रीत आहे. मुलाने पाहून काढलेल्या आकारांचाही एक क्रम असतो. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल काढते, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण जमते, साडेचारच्या सुमारास चौकोनाचे कोपरे दिसू लागतात, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आगेमागे येतो. मुलागणिक काही महिने इकडेतिकडे होतात, पण क्रम सहसा बदलत नाही. ज्या मुलीला चौकोनाचा कोपरा नुकता वळवता येऊ लागला आहे, तिच्याकडे ‘अ’ मागितला तर ती तो काढणार नाही असे नाही. ती तो मुठीत पेन्सिल आवळून, मनगटाऐवजी अख्खा हात फिरवून काढेल, आणि ती पकड एकदा पक्की झाली की पुढे सोडवताना शिक्षकांच्या नाकी नऊ येतात.

यात हट्टाचा किंवा आळसाचा भाग नसतो, तर शरीराचा असतो. आपल्या मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक पदार्थाच्या, स्वरूपात असतात आणि वर्षानुवर्षे एकेक करून घट्ट होत जातात. शेवटचे हाड तयार व्हायला तर मूल नऊ-दहा वर्षांचे व्हावे लागते. त्यासाठी लिहिणे तोवर लांबवावे असे मी मुळीच म्हणत नाही, पण चार वर्षांच्या हाताकडून तासभर वही भरून घेताना आपण नेमके कोणाकडून काम करवून घेत आहोत, हे ठाऊक असलेले बरे.

आता वालाकडे येते, कारण आपण त्याची सर्वांत जास्त खिल्ली उडवली आहे. आमचे गाव रायगड जिल्ह्यातले आहे, त्यामुळे कडवे वाल घरोघरी असतात आणि बिरड्याची उसळ मुलांच्या ओळखीची असते. आदल्या दिवशी मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून परात मध्ये ठेवली की मुले भोवती मांडी घालून बसतात. वालाचे साल काढायला अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तीन बोटे लागतात, आणि पेन्सिल धरायलाही नेमकी तीच तीन बोटे लागतात. सुरुवातीला मूल जोर लावते, वाल बुळबुळीत असल्यामुळे सुळकन निसटून समोरच्याच्या कपाळावर जाऊन आदळतो आणि सगळी परात हसू लागते. दुसऱ्या खेपेला फार दाबल्यामुळे त्याचे दोन तुकडे होतात. मग कधीतरी मूल टोकाकडून हलके दाबायला शिकते आणि वाल मोडासकट अखंड बाहेर येतो. किती दाबायचे हे बोटांना कळणे, म्हणजेच पुढे कागद न फाटता आणि टोक न मोडता रेघ उमटणे. हे कौशल्य वहीवर तोंडी सूचना देऊन येत नाही. शिवाय साले एका वाटीत, वाल दुसऱ्या वाटीत, तुटलेले तिसऱ्या वाटीत, हे वर्गीकरण झाले, ‘माझे तुझ्यापेक्षा जास्त’ या भांडणातून मोजणे झाले, आणि त्या दिवशीची उसळ मुलांनी एरवीपेक्षा जरा जास्त खाल्ली, हा वरचा फायदा.

रव्याच्या ताटाबद्दल तर आपल्याला मी काय सांगावे! पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने किंवा काडीने धुळाक्षरे काढवून घेत असत. चुकलेले अक्षर हात फिरवून क्षणात पुसता येते आणि चुकल्याची खूण मागे राहत नाही, हा त्या पद्धतीचा मोठा गुण होता. आम्ही धुळीऐवजी रवा घेतला, एवढाच काय तो फरक.

शेजारच्या मुलाचे शंभरपर्यंतचे अंक मी कमी लेखत नाही, पण एकदा त्याच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ठेवून ‘मला सात दे’ असे म्हणून पाहावे. सरळ म्हणून दाखवणारी पुष्कळ मुले अशा वेळी मूठभर चिंचोके उचलून देतात. मराठीत शंभरपर्यंतची बहुतेक प्रत्येक संख्या वेगळ्या नावाने येते, आणि एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या नावांत तर पुढच्या दशकाचा उल्लेख आधीच येऊन बसतो, त्यामुळे ही नावे पाठ करणे हे मोठे काम आहे खरे, पण ते स्मरणशक्तीचे काम आहे. संख्या कळणे म्हणजे एका वस्तूला एकच आकडा लावणे, शेवटचा आकडा हा सगळ्यांचा मिळून आहे हे उमगणे, आणि त्याच सात वस्तू पसरून मांडल्या तरी सातच राहतात याची खात्री पटणे. आमच्याकडे खाऊच्या बश्या मांडायचे काम रोज एका मुलाकडे असते. दोन मुले आली नसतील तर बश्या उरतात, आणि त्या का उरल्या याचा शोध घेताना वजाबाकीचा नुसता शब्दही न उच्चारता वजाबाकी होते.

चिमणी-कावळ्याची गोष्ट आठवडाभर सांगण्यामागेही कंटाळा किंवा तयारीचा अभाव नसतो. पहिल्या दिवशी मुले ऐकतात. दोन दिवसांनी ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते’ हे ती आमच्या आधी म्हणू लागतात, म्हणजे आधी काय आणि मग काय याचा क्रम त्यांच्या डोक्यात बसलेला असतो. त्यानंतर एखादे मूल, ‘पण कावळ्याला थंडी वाजत होती ना, मग तिने दार का नाही उघडले?’ असे विचारते, आणि वर्गात चिमणीचा पक्ष नि कावळ्याचा पक्ष असे दोन पक्ष पडतात. घरी फारसे न बोलणारी मुलेही अशा वादात पूर्ण वाक्ये बोलतात. याच गोष्टीतले शब्द घेऊन आम्ही टाळ्या वाजवतो: ‘चिमणी’ला दोन, ‘शेण’ला एक. ‘पुस्तक’ला दोन टाळ्या की तीन, यावर मात्र अजून एकमत झालेले नाही, कारण कानाला दोन ऐकू येतात आणि लिहिताना अक्षरे तीन दिसतात. शब्द आवाजांचे बनलेले आहेत आणि ते सुटे करता येतात, हे ज्या मुलाच्या कानाला कळले, त्याला पुढे अक्षर आणि आवाज यांची जोडी लावणे सोपे जाते.

परदेशी खुळाबद्दल थोडे लिहायलाच हवे. मारिया माँटेसरी यांची पहिली बालशाळा 1907 साली रोममध्ये सुरू झाली, हे खरे आहे, आणि त्यांच्या विचारांचा आपल्याकडच्या बालशिक्षणावर मोठा प्रभाव आहे, हेही मी नाकारत नाही. पण बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तेव्हा त्यांच्यापुढे इथलीच मुले होती. ताराबाईंनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, आणि पुढे सहकारी अनुताई वाघांसह डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करताना महागड्या साधनांचा प्रश्नच उरला नाही. बिया, पाने, खडे, शंख-शिंपले यांतून गणित आणि भाषा शिकवता येते, हे त्या दोघींनी दाखवून दिले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेण्याचा त्यांचा प्रयोग तर प्रसिद्धच आहे. वाल आणि चिंचोके पुढे ठेवणारी बालवाडी ही त्या परंपरेतली आहे, आणि तिला खूळ म्हटले की मला वाईट वाटते, हे मी लपवत नाही.

आपल्या टीकेतला एक भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. मुलांना खेळायला सोडले म्हणजे शिकवले, असे होत नाही. रंगीत भिंती, प्लास्टिकची घसरगुंडी आणि पडद्यावर लागलेली बडबडगीते एवढ्या भांडवलावर चालणाऱ्या जागा गावोगावी आहेत, आणि तिथे ताई कोपऱ्यात मोबाइल पाहत बसलेली असेल तर त्याला मीही फी उकळणे असेच म्हणेन. फरक ताईच्या कामात दिसतो. कोणते मूल कातर उलटी धरते, कोणते गोष्टीच्या वेळी नेहमी भिंतीकडे पाहते, कोणाला पाच आणि सहामध्ये गोंधळ होतो, हे तिला सांगता आले पाहिजे, आणि उद्या त्या मुलापुढे काय ठेवायचे हे तिने आज ठरवलेले असले पाहिजे. आपण नातीच्या बालवाडीत जाऊन हे प्रश्न जरूर विचारावेत. ‘छान चाललंय’ एवढेच उत्तर मिळाले, तर आपला राग रास्त आहे असे समजावे.

शिस्तीविषयी थोडक्यात सांगते. ब्रश तीन आणि मुले पाच असतील तर दोघांना थांबावे लागते. आम्ही मुद्दाम ब्रश वाढवत नाही. हाताची घडी, तोंडावर बोट ही शिस्त दिसायला सोपी आहे, पण ताई वर्गाबाहेर गेली की ती संपते.

राहिला पहिलीचा प्रश्न. शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या कायद्यातील कलम 13 नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा वा मुलाखत घेता येत नाही. तशी ती घेतल्यास पहिल्या वेळी 25 हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यामुळे मुलाखतीच्या धास्तीने कोणी चार वर्षांच्या मुलीला घोकायला बसवू नये. तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा असल्याचे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मानले आहे. पहिली आणि दुसरीही त्यातच येतात, म्हणजे लिहायला-वाचायला शिकण्याची मुदत पहिलीच्या पहिल्या दिवशी संपत नाही. तरीही मी आपल्याला खोटी हमी देणार नाही. वही भरून आलेल्या मुलांच्या शेजारी बसल्यावर आपली नात सुरुवातीला हळू लिहील, आणि शिक्षिका घाईची असेल तर तिला दोन शब्द ऐकूनही घ्यावे लागतील. हाताची आणि कानाची तयारी झालेली मुले हे अंतर बहुधा त्याच वर्षात भरून काढतात, असे मी माझ्याकडून गेलेल्या मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. गोष्टी सांगण्यात आणि हिशेब करण्यात तर ती मागे नसतातच.

‘अ’ साडेचार वर्षांच्या मुलीला आला नाही, याची चिंता मी आपल्या जागी असते तरी केली नसती. चिंता कशाची करावी, तेही सांगते. तिचे बोलणे परक्या माणसाला अजून समजत नसेल, पाठीमागून हाक मारल्यावर ती वळत नसेल, किंवा बडबडगीतातले यमक तिला सारखे चुकत असेल, तर वही आणण्याआधी तिचे कान तपासून घ्यावेत. सर्दी वारंवार होणाऱ्या काही मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येते, आणि घरात ते बरेच दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे याची तपासणी होते, आणि वेळेवर उपचार केले तर बहुतेक मुलांचे ऐकणे पूर्ववत होते.

आपली,
बालवाडीताई