कारवान का बीगल, आणि मधी मी

आमच्या घरात आजवर शिकार म्हणावी अशा दोनच झाल्यात, एक उंदीर, तो पिंजऱ्यात, आणि एक पाल, ती दारात चेंगरून, म्हणजे तीपण चुकूनच. तरी गेले तीन महिने आमच्यात भांडण चाललंय ते शिकारी कुत्र्यावरनं.

झालं असं की आमच्या सांगलीच्या विश्रामबागेत मागच्या गल्लीतलं एक बंद घर फुटलं आणि आई म्हणाली एक कुत्रं आणा. आईच्या डोक्यात कुत्रं म्हणजे भाकरी खाणारं आणि भुंकणारं, एवढंच. पण मी पडलो सुशिक्षित, मी मोबाईल काढला, आणि तिथंच सगळा घोळ झाला. मला कारवान पाहिजे होतं कारण माझं आजोळ जतकडचं, लहानपणी मेंढरांमागं ही लांबसडक कुत्री बघितलेली. बायको आणि पोरगीला बीगल पाहिजे होतं कारण पुण्यात मेहुण्याकडं बीगल आहे. मेहुण्याकडं जे असतं ते आमच्याकडं पाहिजेच असतं, फ्रीज पण तसाच आलाय.

बघायला गेलं तर दोन्ही सशामागं पळणारीच जात. फरक एवढाच की बीगल नाकानं शिकार करतं, खाली मान घालून वास घेत घेत, आणि कारवान डोळ्यानं, लांब काय हललं की सुटलंच. आता आपल्याकडं वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार बंद, म्हणजे एक सायबाकडचं आणि एक आपल्या मातीतलं, पण दोघंबी बेकारच. हे मी बायकोला सांगितलं तर म्हणाली, मग तुमचं आणि त्यांचं जमेल.

मी पण माघार घेतली नाही. म्हटलं अगं हीच जात कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणून ओळखतात, मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला या कुत्र्यांची जोडी भेट दिली होती. ती म्हणाली आपल्याला कुठल्या राजाला द्यायचंय? म्हटलं २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर आलंय. म्हणाली आता पत्र कोण लिहितं. म्हटलं मिलिटरीनं घेतलंय! तर आतनं आई म्हणाली, मग ते मिलिटरीतच राहू दे, आपल्या पार्किंगमधी कशाला.

मग दिवाळीला मेहुणा बीगल घेऊन आला. नाव बिस्किट. सव्वा फुटाचं, तीन रंगाचं, कान असे लोंबते की पाणी प्यायलं की आधी कान भिजणार. दिसायला गोड आहे हे मला मान्य करावं लागलं, मनातल्या मनात. रात्री दोनला हॉलमधनं आवाज आला. आई दचकून उठली, तिला वाटलं कोणतरी गेलं. बीगल भुंकत नाही हो, गळा काढतं. जाऊन बघतो तर बिस्किट माझ्या फायलींच्या कपाटासमोर बसलेलं, कपाटाच्या खालच्या फटीत नाक घातलेलं, नाकपुड्या फुलतायत मिटतायत, शेपूट ताठ, मधेच मान वर करून ऊऊऊऊ. बायकोनं लाईट लावली, कपाट उघडलं, २०१९ च्या पुराच्या नुकसानीची फाईल काढली, आणि तिच्यामागनं निघालं अर्धा किलो भडंग. डॉक्टरांनी मला बंद केलेलं. वर रबर बँड लावलेलं, व्यवस्थित.

"अहो, घरातला चोर तर सापडला," बायको म्हणाली. मेहुणा लगेच सुरू झाला, की अमेरिकेत १९८४ पासनं विमानतळावर बीगल ठेवलेत, लोकांच्या बॅगेतली फळं, मटण वासावर हुडकायला. म्हटलं मग पाठवा की ह्याला तिकडं. पण त्या रात्री माझं ठरलं. बीगल या घरात आलं तर माझं उरलेलं आयुष्य उघड्यावर.

दुसऱ्या रविवारी पोरगीला घेऊन जतकडं गेलो. आजोळच्या ओळखीनं एक आबा आहेत, त्यांच्याकडं कारवानची पिल्लं. तिथं त्यांची कुत्री राणी उभी होती. सव्वादोन फुटांच्या आसपास उंची, तोंड लांब निमुळतं, छाती खोल आणि पोट असं आत गेलेलं की पोरगी म्हणाली पप्पा हिला खायला देत नाहीत का. राणीनं आमच्याकडं बघितलंच नाही. जवळ येणं नाही, चाटणं नाही, सरकारी हापिसातल्यासारखी एकदम. इतक्यात वाऱ्यावर एक कॅरीबॅग उडाली. नुसती पांढरी कॅरीबॅग. राणी उभी होती तिथं मला धुरळा दिसला आणि राणी पार बांधाच्या पलीकडं, चारी पाय एकदम हवेत. बॅग तोंडात धरली, वास घेतला, टाकली, आणि तशीच चालत परत आली, जणू काय झालंच नाही. मी तिथंच खिशातनं ॲडव्हान्सचे पैसे काढले.

आबांनी पैशाला हात लावला नाही.

"जागा किती हाय?"

"बंगलाय आबा. पार्किंग आहे मोठं."

"पार्किंगात काय असतंय?"

"गाडी."

"मग कुत्र्यानं काय गाडीभवती फिरायचं? पळवनार कोन?"

"मी की."

आबांनी माझ्याकडं वरनं खाली बघितलं आणि नजर शर्टाच्या चौथ्या बटनापाशी थांबली. ते बटन जरा ताणाखाली असतं. पोरगीपण तिकडंच बघायला लागली.

"असं करा पावनं," आबा म्हणाले, "आदी दोन म्हैनं तुमी पळा. रोज सकाळी. मी फोन करीन मधनंमधनं. जमलं तर पिल्लू तुमचं, तवर ऱ्हाऊ दे हितंच."

म्हणजे बघा, मी तीन महिने दोन कुत्र्यांत निवड करतोय, आणि कुत्रं निवडायला गेलो तर मलाच नापास केलं. येताना कवठेमहांकाळपर्यंत पोरगी हसत होती.

तर सध्या मी पळतो. आमराईत. खरं तर चालतो, आणि ओळखीचं कोण दिसलं की पळतो. पहिले चार दिवस चौकातली तीन कुत्री गेटपर्यंत मागं लागायची, त्यामुळं वेळ चांगली पडायची. पाचव्या दिवशी त्यांनी नाद सोडला.

काल सकाळी सहाला आबांचा फोन आला. थंडी होती ओ, मी गोधडीतच होतो. पण प्रसंगावधान म्हणून धापा टाकत उचलला.

"हॅलो... आबा... हा... बोला..."

"कुटवर आलाय?"

"आमराई... दुसरा... राऊंड..."

तेवढ्यात स्वयंपाकघरातनं आई ओरडली, "अरे ऊठ की, चहाचं पार पाणी झालं!"

आबा जरा वेळ काय बोललेच नाहीत. लांब कुठंतरी मेंढरं ओरडत होती.

"एक म्हैना वाडला," म्हणाले, आणि फोन ठेवला.