त्या पोराला "डेक मेला" म्हणून हसणाऱ्यांनो

आज, १३ एप्रिल २०२५ ला, पणजीहून घरी येऊन तीन तास झाले. जेवणं झाली, भांडी आवरली, तरी डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे. ज्यांना कार्डांमधलं कळत नाही त्यांनाही समजेल असंच लिहिते, वाचा.

आम्ही काहीजण रविवारी पणजीत पोकेमॉनची कार्डं खेळायला जमतो हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. चार-पाच टेबलं, दहा-बारा माणसं. माझा तेरा वर्षांचा भाचा दीड वर्षापासून माझ्याबरोबर येतो. आज त्याने नेहमीसारखा डेकचा, म्हणजे खेळायच्या साठ कार्डांच्या गठ्ठ्याचा, डबा उघडला. समोर बसलेल्या एका शिकल्यासवरल्या, नोकरीतल्या माणसाने कार्डांवर एक नजर टाकली आणि म्हणाला, "अरे, हा डेक शुक्रवारीच मेला ना? फेकून दे!" आणि हसला. बाजूचे दोघे हसले. पोरगा काही बोलला नाही. कार्डं डब्यात भरली, झाकण लावलं आणि दुपारभर दुसऱ्यांचे डाव बघत बसला.

त्याला ठाऊक नव्हतं असं नाही हो. तारीख त्याला महिनाभर आधीपासून पाठ होती. मोडायच्या आधी शेवटचा एक डाव खेळू, एवढ्यासाठी त्याने तो डेक आणला होता.

आता न खेळणाऱ्यांसाठी. या कार्डांच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढं एक इंग्रजी अक्षर असतं. कोणती अक्षरं चालू आणि कोणती बंद, यावर स्पर्धेत काय खेळायचं ते ठरतं. परवा ११ एप्रिलला एफ बंद झालं. जी, एच आणि आय उरली. गेल्या वर्षी एप्रिलमध्येच ई गेलं होतं. आणि २८ मार्चला बाजारात आलेला जर्नी टुगेदर हा नवा सेट त्याच शुक्रवारपासून स्पर्धेत आला, कारण सेट विकायला आल्यावर दोन आठवड्यांनी तो खेळता येतो. म्हणजे एकाच दिवशी जुन्यांची पाठवणी आणि नव्यांचा गृहप्रवेश.

भाच्याचा डेक लॉस्ट झोनचा. कॉम्फी, क्रॅमोरंट, सेबलाय, मिराज गेट, सगळी २०२२ च्या लॉस्ट ओरिजिन सेटमधली, सगळी एफ. नुसतं छप्पर उडालं नाही, जोतंच गेलं. कॉम्फी हा फुलांची माळ घेतलेला एक इवलासा पोकेमॉन. तो पुढे असला की डेकच्या वरची दोन कार्डं बघायची, एक हातात घ्यायचं, दुसरं लॉस्ट झोनमध्ये टाकायचं. टाकलेल्या कार्डांच्या साध्या ढिगातून काही ना काही परत आणता येतं, लॉस्ट झोनमधून नाही. तिथे गेलं ते त्या डावापुरतं कायमचं गेलं. अशी दहा कार्डं गेली की सेबलाय एका वारात १२० चा मार समोरच्याच्या पोकेमॉनवर हवा तसा वाटून टाकतो.

अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे शिकवून बघा. दोन चांगली कार्डं समोर आहेत आणि त्यातलं एक आपल्याच हाताने घालवायचं. पहिले तीन महिने तो दर वेळी भारी दिसणारं कार्ड ठेवायचा आणि हरायचा. हरला की रडायचा. मग एके रात्री आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याच्यासमोर दोन कार्डं आली, मिराज गेट आणि स्विच कार्ट. मिराज गेट म्हणजे त्या डेकचा जीव, एकदम दोन एनर्जी, म्हणजे वार करायला लागणारी इंधनाची कार्डं, लावून देणारं. त्याने डोळे मिटले, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि मिराज गेट टाकून दिलं. मी ओरडले, "अरे वेड्या, हे काय केलंस?" त्याने वर बघितलंसुद्धा नाही. स्विच कार्टने पुढचा कॉम्फी मागे नेला, दुसरा पुढे आणला, आणखी दोन कार्डं बघितली. सेबलायला एकच एनर्जी लागते, ती त्याच्या हातात होतीच. त्याला दहाचा आकडा हवा होता, एनर्जी नको होती. पुढच्या खेपेला माझ्या बेंचवरचे, म्हणजे मागे थांबलेले, साठ-साठ एचपीचे (तेवढा मार बसला की संपले) दोन पोकेमॉन एका फटक्यात गेले. मी चाळिशीची बाई, बारावीला गणित शिकवते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

असा डेक मरतो होय? कागद बाद झाला असेल. ते ओठ हलवत मोजणं कुठल्या अक्षराबरोबर बाद झालं, मला सांगा ना.

आणि हसणाऱ्याचा डेक कोणता? ड्रॅगापल्ट. परदेशातल्या कुठल्याशा स्पर्धेत वर आलेली लिस्ट, साठच्या साठ कार्डं तशीच उचलून घेतलेली, हे त्यानेच कौतुकाने सांगितलं. सगळी चकचकीत फॉइल. दोनदा मी विचारलं, बुड्यू नावाची कार्डं चारच का, तीन का नाहीत? म्हणाला, "लिस्टमध्ये चार आहेत." बस्स. हे उत्तर. माझ्या वर्गातल्या मुलाने "गाइडमध्ये असंच आहे" म्हटलं तर मी त्याला पुन्हा फळ्यापाशी बोलावते.

बरं, मीही सुरुवात लिस्ट बघूनच केली होती, आणि मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्याने सिद्ध झालेली लिस्ट घेतली तर मी नाव ठेवणार नाही. पण म्हणून तेरा वर्षांच्या मुलावर हसायचं?

नव्या कार्डांवर माझा राग नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर उद्या कमेंटमध्ये "मावशीला बदल नको" सुरू होईल. मला नवा सेट आला की झोप लागत नाही. बुड्यूचंच बघा. जानेवारीत प्रिझमॅटिक इव्हॉल्यूशन्समध्ये आलेली ही एक कळी. तीस एचपी, कोणीही फुंकर मारली तर पडेल. पण एकही एनर्जी न लावता ती हल्ला करते, आणि समोरच्याला त्याच्या पुढच्या खेपेत आयटम कार्डं खेळता येत नाहीत. रेअर कँडी नाही, अल्ट्रा बॉल नाही, नेस्ट बॉल नाही. एवढ्याशा कळीने जगभरच्या डेकवाल्यांना आपापले आकडे पुन्हा मांडायला लावले. आयटम कमी करावे का, सपोर्टर नावाची दुसरी मदतीची कार्डं वाढवावी का, पहिली खेप घ्यावी की दुसरी? भाच्याचं मिराज गेटही आयटमच. फेब्रुवारीभर तो बुड्यूपुढे मार खात होता. मग त्याने काय केलं? क्रॅमोरंट वाढवला. लॉस्ट झोनमध्ये चार कार्डं झाली की त्याला एनर्जी लागत नाही, ११० चा वार फुकट, म्हणून आयटम बंद असले तरी कळी त्याच खेपेत उडते. कुठल्याही लिस्टमध्ये त्याने ते बघितलं नव्हतं. जगात इतर कोणी केलं नसेल असं मी म्हणत नाही, शंभर जणांनी केलं असेल. पण त्याने ते फोंड्यात बसून, स्वतःच्या डोक्याने केलं.

आणि २०२४ ची होनोलुलूची जागतिक स्पर्धा आठवा. आयर्न थॉर्न्स ईएक्स हे त्या वर्षी मे महिन्यात आलेलं कार्ड. ते पुढे उभं असलं की दोघांच्याही ईएक्स, व्ही वगैरे जास्त ताकदीच्या पोकेमॉनच्या खास शक्ती बंद, फ्यूचर अशी खूण असलेले तेवढे सोडून. बाकी डोळे दिपावेत असं त्यात काही नाही. ऑगस्टमध्ये चिलीच्या फर्नांडो सिफुएंतेसने त्याच कार्डाच्या जोरावर जगज्जेतेपद घेतलं. समोरच्यांचे डेक कशाच्या आधारावर उभे आहेत हे ओळखून तो आधारच काढून घेतला. डेक बांधणं म्हणतात ते हे!

मला खरी काळजी आहे ती वेगळीच. जर्नी टुगेदरपासून पोकेमॉनच्या नावाला मालकाचं, म्हणजे पोकेमॉनच्या गोष्टीतल्या एखाद्या माणसाचं, नाव पुन्हा जोडून यायला लागलंय. एनचा झोरोआर्क, लिलीची क्लेफेअरी, हॉपचा झॅशियन. ३० मेला डेस्टिंड रायव्हल्स येतोय, त्यात टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीची पलटण. एनची कार्डं एनच्याच कार्डांबरोबर जास्त खुलणार, रॉकेटची रॉकेटबरोबर. म्हणजे कोणाची सोयरीक कोणाशी हे कंपनीने आधीच ठरवून दिलंय, आपण फक्त अक्षता टाकायच्या. दोन वेगळ्या सेटमधली, कोणाच्या लक्षात न आलेली दोन कार्डं एकत्र आणायची गंमत कमी होईल अशी मला भीती वाटते. लॉस्ट झोनसुद्धा असंच कुटुंब होतं, मान्य. पण त्यात बाहेरच्याला जागा होती.

पैशांचं तर बोलायलाच नको. गोव्यात पाकिटं येतात उशिरा, येतात कमी. प्रिझमॅटिकचं तर जगभर दुर्भिक्ष होतं, आम्हाला कुठून मिळणार? चार पाकिटांत आमचा शनिवारचा मासळीबाजार होतो. ज्याच्या खिशात आहे तो शुक्रवारीच सगळा डेक विकत घेतो आणि रविवारी येऊन दुसऱ्याला हसतो. हे मला सहन होत नाही, साफ सांगते. एक्स्पांडेड नावाचा प्रकार आहे, तिथे जुनी कार्डं चालतात, असं मला आज तिघांनी सांगितलं. चालतात की. पण पणजीत खेळतो कोण? भाच्याने भिंतीशी खेळायचं?

आणि ज्यांना फॉइलचा एवढा सोस आहे त्यांनी ही हवा विसरू नये. आमच्याकडे ओल्या हवेत फॉइल कार्ड पापडासारखं वळतं. जूनमध्ये मी डबे सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात ठेवते, तरी वळतात. डेकमध्ये एकच कार्ड वळलेलं असलं तर पाठीवरून ओळखू येतं, आणि मोठ्या स्पर्धेत पंच त्यासाठी दंड करू शकतो. साधं, बिनचकाकीचं कार्ड सरळ राहतं. भाच्याची सगळी साधी होती. गरिबीने म्हणा, पण सरळ होती.

माझे वडील म्हणतात, "दर वर्षी कार्डं बदलणारा कसला खेळ?" सावंतवाडीची दशावतारी गंजिफा त्यांच्या आजोबांकडे होती. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकशेवीस, पिढ्यान्‌पिढ्या तीच. त्यात काही उणं पडलं नाही, हे त्यांचं खरं आहे. पण माझी आई १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर करते, आणि आमच्या घरात कधी कोणी "जेवण मेलं" म्हटल्याचं मला आठवत नाही. ज्या दिवशी जे मिळेल त्याचं ताट मांडता येणं हाही हातगुणच आहे.

आज परतीच्या कदंब बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. जुनं गोवं गेलं तरी तो गप्प. बाणस्तारीच्या पुलावर त्याने डबा मांडीवर घेतला आणि एकेक कार्ड स्लीव्हमधून, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पिशवीतून, काढायला लागला. अंगठ्याने स्लीव्हचं तोंड उघडायचं, कार्ड चिमटीत धरून वर ओढायचं, रिकामा स्लीव्ह डाव्या खिशात. मंगेशी आलं, म्हार्दोळ आलं. एफची एका गठ्ठ्यात, बाकीची दुसऱ्या. दुसऱ्या गठ्ठ्यात फार नव्हती. थोड्या एनर्जी, नेस्ट बॉल, सुपर रॉड, बॉसेस ऑर्डर्स. कॉम्फी चार होते, ते त्याने रबर न लावता शर्टाच्या खिशात ठेवले. मला बोलवेना. त्या माणसावर चढलेला राग फार्मागुडीच्या चढावर कुठे गेला कोण जाणे, पोटात नुसतं कालवत राहिलं.

रात्री जेवून उठले तर हा टेबलावर गणिताच्या वहीची मागची पानं कापत बसलेला. यंदा आपल्याकडे शाळा एप्रिलमध्येच सुरू झाल्या, वही नवी कोरी आहे, ताई माझ्या नावाने शंख करणार. कार्डाच्या मापाचे तुकडे, त्यावर पेन्सिलीने नावं, आणि तुकडा एनर्जी कार्डावर ठेवून दोन्ही एका स्लीव्हमध्ये. घरच्या सरावाला चालतं असं. एनचा झोरोआर्क ईएक्स, चार वेळा लिहिलेलं. गेल्या आठवड्यात पाकिटातून त्याला खरा एक मिळाला होता, हे त्याने मला सांगितलंही नव्हतं.

मी ते कार्ड हातात घेऊन वाचलं. हातातलं एक कार्ड टाका, डेकमधली दोन घ्या.

"मावशी," तो म्हणाला, "यातही काय टाकायचं तेच ठरवायचंय." आणि लगेच, ज्या पिल्लाचा झोरोआर्क होतो त्याबद्दल, "झोरुआ तीन घेऊ की चार?" मी म्हटलं चार, ड्रॅगापल्ट बेंचवर मार वाटत सुटतो, दोन तरी मरतील. तो म्हणाला तीन, चौथ्याच्या जागी दुसरं काहीतरी हवंय. काय ते अजून सांगत नाहीये. डोळे मिटून मोजतोय.

तर मंडळी, कोणाकडे एनचे झोरुआ किंवा डारुमाका जादा असतील तर पुढच्या रविवारी घेऊन या. योग्य भाव देईन, किंवा अदलाबदल करू, माझ्याकडे बरंच आहे. त्याचे कॉम्फी तेवढे मागू नका.