नकाशा बघून भाडेकरू कसा निवडावा

परवा सेक्रेटरींनी मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावून घेतलं. माझा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिझोराममधल्या ऐझॉलच्या दोन मुलींना द्यायचं नक्की झालं होतं. दोघीही नर्स. पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद तयार, डिपॉझिटही आलेलं. सेक्रेटरींच्या टेबलावर काचेखाली, गणपतीच्या फोटोशेजारी, व्हॉट्सॲपवर आलेल्या एचआयव्हीच्या नकाशाची रंगीत प्रिंट. मिझोराम लालभडक, वर बॉलपेनने दोनदा गोल केलेला. "आमचं काही म्हणणं नाही हो, फक्त एचआयव्हीचा रिपोर्ट तेवढा मागून घ्या."

तुम्हालाही फ्लॅट भाड्याने द्यायचा असेल, तर ही शास्त्रशुद्ध पद्धत शिकून घ्या.

आधी रंग बघा. आकडा वाचायचा नाही. वाचलात तर कळेल की २०२१च्या सरकारी अंदाजात मिझोराममधलं प्रौढांमधलं प्रमाण २.७० टक्के आहे, देशाचं ०.२१. फरक मोठाच आहे, नाही कशाला म्हणू? पण मग शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना एचआयव्ही नाही, हेही कळेल. आपल्याकडे शंभरातले सत्त्याण्णव जण वेळेवर मेंटेनन्स भरते तर सेक्रेटरींनी पेढे वाटले असते.

टक्का सोयीचा असेल तिथे टक्का धरा, संख्येकडे ढुंकून बघू नका. कारण एचआयव्हीसह जगणारी सगळ्यात जास्त माणसं आपल्या महाराष्ट्रात आहेत, चार लाखांच्या आसपास. मिझोरामची अख्खी लोकसंख्याच २०११च्या जनगणनेत अकरा लाखांच्या आत होती. संख्येवर गेलात तर ए विंगपासून रिपोर्ट गोळा करावे लागतील, सुरुवात कमिटीपासून.

लिफ्टच्या बटणातून पसरतो, असं मीटिंगमध्ये हळूच सांगून ठेवा.

कारण मात्र कधीच विचारू नका. 'तिकडचे लोक तसलेच' एवढ्यावर भागतं. शेजारी म्यानमार, तिथून येणारं हेरॉइन, एकाच सुईने टोचून घेणारी पोरं, त्यांच्याकडून त्यांच्या बायकांना झालेली लागण, हे कोण ऐकत बसणार? आणि मग आपलंही काढावं लागेल. एकेकाळी जास्त लागणीची म्हणून देशातली सहा राज्यं मोजायचे, त्यात मणिपूर-नागालँडच्या पंगतीला महाराष्ट्र होता. आपल्याकडे सुई नव्हती. हायवे होता, मुंबईतल्या वेश्यावस्त्या होत्या, महिनोन्‌महिने घराबाहेर राहणारे गडी होते. आमच्या गावातला एक ट्रक ड्रायव्हर गेला, सगळ्यांनी 'टीबी' म्हणून सांगितलं. मागे बायको राहिली. लग्नानंतर कधी गावाची वेस ओलांडली नसेल त्या बाईने. तिचा पेला गोठ्यात ठेवलेला असायचा, जर्मनचा, पोचे आलेला. पाणी वरून ओतायचे, आमच्या घरचे धरून. तेव्हा 'महाराष्ट्रातले लोक तसलेच' म्हणून पुण्या-मुंबईच्या पोरांकडे बेंगळुरूच्या घरमालकांनी रिपोर्ट मागितले असते तर? केवढी अस्मिता उसळली असती!

आजोबांना सलाईन लावायला याच मुली चालतात, ते वेगळं.

सेक्रेटरीसाहेब, पुरे आता. एचआयव्हीच्या कारणावरून कुणाला भाड्याचं घर नाकारता येत नाही. २०१७चा कायदा आहे, सप्टेंबर २०१८पासून लागू. संमतीशिवाय चाचणीही करता येत नाही. आणि त्या मुलींना काही आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं? नकाशाने? असतं तरी तुमच्या जिन्याला काय होणार होतं? औषधं २००४पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की संबंधांतूनसुद्धा लागण होत नाही. तुम्ही लिफ्टचं काय घेऊन बसलात? एवढी काळजी असेल तर सरकारी दवाखान्यात चाचणीही फुकट होते, जा आणि स्वतःची करून या. पन्नाशी उलटली तुमची, बीएस्सी झालात, आणि लेकीच्या वयाच्या मुलींच्या रक्ताची चौकशी करता?

त्या मुलींना मी काही बोललोच नव्हतो, पण वॉचमनकडून त्यांना कळलं. डिपॉझिट परत मागताना मोठी म्हणाली, "अंकल, इट्स ओके, सवय आहे."

फ्लॅट रिकामा आहे. आणि ती प्रिंट काचेखालून काढा, गणपतीशेजारून तरी.